मोहरी कुणाच्या घरातून आली?

किसा गोतमीची गोष्ट आपल्याला पहिल्यांदा कुणी सांगितली ते बहुतेकांना आठवत नाही, इतकी ती ओळखीची आहे. मूल गेलेली आई त्याला कडेवर घेऊन दारोदार औषध मागत हिंडते. बुद्ध तिला म्हणतात, चिमूटभर मोहरी आण, पण ज्या घरात कधी कुणी मेलं नाही अशाच घरातली आण. मोहरी घरोघरी मिळते. तसं घर मिळत नाही.

आता हीच गोष्ट मूळ ग्रंथांत शोधायला निघू. पहिल्यांदा बघायचं ते थेरीगाथेत, म्हणजे भिक्षुणींच्या तोंडच्या गाथांच्या संग्रहात. तिथे किसा गोतमी भेटते, सन्मित्रांची थोरवी सांगते, बाईच्या जन्माची दुःखं सांगते. मोहरीचं नाव काढत नाही. अपदान नावाच्या नंतरच्या एका पद्यग्रंथात मोहरी येते, पण चार ओळींत उरकते. आपल्या ओळखीची सविस्तर गोष्ट सापडते ती धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे बुद्धांनंतर हजारएक वर्षांनी आजच्या रूपात आलेल्या टीकाग्रंथात. शाळेच्या पुस्तकानं गाळलेला भागही तिथेच आहे. एका व्यापाऱ्याचं चाळीस कोटींचं धन कोळसा होऊन पडलं होतं. या मुलीचा हात लागताच ते पुन्हा सोनं झालं, म्हणून त्यानं तिला सून करून घेतलं. अंगानं कृश म्हणून ती किसा. आणि मागितलेली मोहरी पांढरी, जिला पालीत ‘सिद्धत्थक’ म्हणतात. सिद्धार्थानं सिद्धार्थक मागितली, हा योगायोग टीकाकाराच्या कानाला गोड लागला असणार, असं मला उगाच वाटतं.

तर ही मोहरी बुद्धांची की टीकाकाराची? उत्तर द्यायचं तर टीकाकार काम कसं करतो, ते आधी पाहावं लागेल.

आजीची वही

पुष्कळ घरांत पाककृतींची एक जुनी वही असते. आजीनं लिहिलेलं असतं, ‘भाजणीला एक फुलपात्र चणाडाळ, खमंग भाजावी.’ आजीला हे पुरेसं होतं, कारण वाचणारी सून शेजारीच उभी असायची. फुलपात्र कोणतं, खमंग म्हणजे कितपत, हे तिला डोळ्यांनी दिसत होतं. पुढे सून दुसऱ्या गावी गेली, तेव्हा तिनं समासात लिहिलं, ‘फुलपात्र म्हणजे देवघरातलं लहान.’ नातीच्या काळात समासात आणखी एक अक्षर उमटलं, ‘ठाण्याच्या मावशी दीड घेतात.’ मग कुणीतरी या वहीतली भाजणी पहिल्यांदा कोणत्या श्रावणात केली, त्याची हकीकतही लिहून ठेवली.

मूळ पाककृती दोन ओळींची. समास पान भरून.

अट्ठकथा म्हणजे हा समास. ‘अट्ठ’ म्हणजे अर्थ. अर्थ सांगणारी कथा ती अट्ठकथा. बुद्धांचे शब्द ज्यांनी प्रत्यक्ष ऐकले, त्यांना प्रसंग माहीत होता, गाव माहीत होतं, कुणाला उद्देशून बोलले तेही माहीत होतं. पिढ्या उलटल्या, भाषा बदलली, भिक्षू समुद्र ओलांडून श्रीलंकेत गेले. तिथल्या माणसाला मगधातलं फुलपात्र ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

त्यातून हे सगळं शतकानुशतकं पाठांतरावर चाललेलं. दीघनिकाय हा सूत्रसंग्रह पाठ करणारे ‘दीघभाणक’ वेगळे, मज्झिमनिकाय पाठ करणारे ‘मज्झिमभाणक’ वेगळे. गाण्यातल्या घराण्यांसारखीच ही घराणी. बंदिश एक, पण समज आणि मांडणी आपापली. परंपरा सांगते की इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, राजा वट्टगामणीच्या काळात, श्रीलंकेत मूळ ग्रंथ आणि त्यावरचा अर्थ दोन्ही लिहून काढले गेले. अर्थ लिहिला होता सिंहली भाषेत. महाअट्ठकथा, महापच्चरी, कुरुंदी अशी त्या जुन्या सिंहली टीकांची नावं आपल्याला कळतात, कारण नंतरचे टीकाकार त्यांचा हवाला देत राहतात. ती पुस्तकं मात्र एकही उरलेली नाहीत.

जाता जाता एक गंमत. ज्या भाषेला आपण पाली म्हणतो, तिचं हे नाव टीकाकारांच्या बोलण्यातून आलं. ते ‘पालि’ म्हणत मूळ ग्रंथाच्या पाठाला, त्यावरच्या अट्ठकथेहून वेगळा ओळखण्यासाठी. भाषेला ते मागधी म्हणत. पाठाचं नाव पुढे भाषेला चिकटलं.

आईबापांना मारणारा भिक्षू

टीकाकाराची हातचलाखी, म्हणजे चांगल्या अर्थानं हातोटी, पाहायची असेल तर धम्मपदातली २९४वी गाथा घ्यावी. आईला, बापाला आणि दोन क्षत्रिय राजांना ठार करून, सारं राज्य कारभाऱ्यासकट बुडवून ब्राह्मण दुःखाशिवाय जातो, असा तिचा सरळ शब्दार्थ. अहिंसेचा उपदेश करणाऱ्या पुस्तकात हे वाचून कुणीही दचकेल.

टीकाकार आधी प्रसंग उभा करतो. स्थळ जेतवन. समोरून लकुंटक भद्दिय नावाचे बुटके, साध्या चेहऱ्याचे थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, चाललेत. बुद्ध इतर भिक्षूंना म्हणतात, पाहा, हा आईबापांना मारून निश्चिंत चाललाय. भिक्षू चक्रावतात. म्हणजे आपलं दचकणं टीकाकारानं आधीच त्यांच्या चेहऱ्यावर नेऊन ठेवलंय!

मग तो एकेक शब्द सोडवतो. आई म्हणजे तृष्णा, कारण जन्माला तीच घालते. बाप म्हणजे ‘मी’पणा, कारण ‘मी अमक्या राजाचा, अमक्या प्रधानाचा मुलगा’ हा ताठा बापाच्या जोरावर असतो. (गावाकडे कुणी हे वाचलं तर टीकाकार आपल्याच आळीत राहत होता असं म्हणेल.) दोन राजे म्हणजे दोन टोकाची मतं: सगळं कायम टिकतं हे एक, मेल्यावर काहीच उरत नाही हे दुसरं. प्रजा राजाचा आसरा धरते तशी माणसं या मतांचा धरतात. राज्य म्हणजे डोळा, कान वगैरे सहा इंद्रियं आणि त्यांचे सहा विषय, असा बाराचा पसारा. आणि कारभारी म्हणजे त्या पसाऱ्यातून सुखाची वसुली करत फिरणारी आसक्ती.

हे टीकाकारानं पदरचं घातलंय का? काही अंशी. पण तृष्णा माणसाला जन्माला घालते ही कल्पना त्याची नाही. संयुत्तनिकायात ती स्पष्ट येते. गाथेतल्या कोड्याची किल्ली त्यानं त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीतून आणली. ‘मी अमक्याचा मुलगा’ हे मात्र बहुधा त्याच्या पिढीचं निरीक्षण. उत्तम टीका अशीच असते: अर्धं शोधलेलं, अर्धं सुचलेलं, आणि सांधा दिसू नये इतकं सफाईनं बसवलेलं.

कधी कधी तो शब्दाची फोड अशी करतो की व्याकरणाच्या मास्तरांनी कपाळावर हात मारावा. ‘भिक्खु’ हा शब्द भिक्षा मागण्यावरून आला हे उघड आहे. टीकाकार त्यात ‘भय’ आणि ‘इक्खति’, म्हणजे पाहतो, हे दोन शब्द शोधतो: संसारातलं भय ज्याला दिसतं तो भिक्खु. आपले कीर्तनकार निरूपणात अशी फोड करतात तेव्हा कुणी शब्दकोश उघडून बसत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात अर्थाची खुंटी ठोकण्यासाठी ती असते, आणि पाठांतरावर जगणाऱ्या परंपरेला खुंट्या लागतातच.

‘कुणी म्हणतात’

मला स्वतःला टीकाकारांचा सर्वांत जास्त विश्वास वाटतो तो त्यांना उत्तर ठाऊक नसतं तिथे. बुद्धांचं शेवटचं जेवण हा वर्षानुवर्षांच्या वादाचा विषय. पावा गावच्या चुंद लोहारानं ‘सूकरमद्दव’ वाढलं, इतकंच मूळ सूत्र सांगतं. सूकर म्हणजे डुक्कर, मद्दव म्हणजे मऊ. आता यातून काय घ्यायचं?

दीघनिकाय आणि उदान या ग्रंथांवरच्या अट्ठकथा मिळून उत्तरांची यादीच देतात. डुकराचं मऊ, ताजं मांस, हे पहिलं आणि मुख्य. कुणी म्हणतात, गोरस घालून केलेला मऊ भात. कुणी म्हणतात, डुकरांनी तुडवलेल्या वेळूचे कोंब. दुसरे म्हणतात, डुकरांनी तुडवलेल्या जागी उगवलेली अळंबी. आणखी कुणाच्या मते ते एक रसायन होतं, आयुष्य वाढावं म्हणून चुंदानं दिलेलं.

‘ठाण्याच्या मावशी दीड घेतात’ ती हीच ओळ. पालीत यासाठी ठरलेले शब्द आहेत: ‘केचि’, ‘अञ्ञे’, ‘अपरे’, म्हणजे काही जण, दुसरे, आणखी कुणी. आज शाकाहार-मांसाहाराच्या भांडणात प्रत्येक बाजू या यादीतलं सोयीचं एक नाव उचलते आणि बाकीची झाकते. ज्यानं यादी केली त्यानं मात्र एकही नाव खोडलं नाही.

यामागे नियम होता. कोणत्या बोलण्याला किती वजन द्यायचं, याची चार पायऱ्यांची उतरंड अट्ठकथांत सांगितलेली आहे. सर्वांत वर सुत्त, म्हणजे मूळ वचन. त्याखाली सुत्तानुलोम, मूळ वचनाशी जुळवून काढलेला अर्थ. त्याखाली आचरियवाद, जुन्या आचार्यांनी ठरवलेला निर्णय. आणि सर्वांत तळाला अत्तनोमति, स्वतःचं मत. ते सांगायला मनाई नव्हती, पण वरच्या तिन्हींशी जुळलं तरच धरायचं.

> चौकट: पान उघडल्यावर काय काय दिसतं
>
> पालि: मूळ पाठ. उदाहरणार्थ, धम्मपदाच्या ४२३ गाथा.
>
> अट्ठकथा: पाठावरचं भाष्य. प्रसंग, शब्दार्थ, गोष्ट, मतभेद. धम्मपदावरच्या भाष्यात सुमारे ३०० गोष्टी आहेत.
>
> टीका (पालीतल्या काटेकोर अर्थानं): अट्ठकथेवरचं भाष्य. ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथावर (त्याची गोष्ट पुढे येते) धम्मपाल यांनी लिहिलेली टीका प्रसिद्ध आहे.
>
> अनुटीका: टीकेवरचं भाष्य. इथवर फक्त अभ्यासक पोचतात.

तीनदा लिहिलेलं पुस्तक

सिंहली समास पुन्हा पालीत आणण्याचं काम ज्यांच्या नावावर आहे, ते बुद्धघोष पाचव्या शतकातले. अनुराधपूरच्या महाविहारात बसून त्यांनी चार मोठ्या निकायांवर अट्ठकथा रचल्या. त्यांची नावंही एखाद्या काव्याला शोभतील अशी: सुमंगलविलासिनी, पपंचसूदनी, सारत्थप्पकासिनी, मनोरथपूरणी. धम्मपद आणि जातकांवरच्या अट्ठकथाही परंपरेनं त्यांच्याच खात्यात टाकल्या, पण आजचे बहुतेक अभ्यासक त्या दुसऱ्या हातच्या मानतात. म्हणजे आपली मोहरी बहुधा बुद्धघोषांच्या घरची नव्हे.

त्यांच्याबद्दलची कथा श्रीलंकेच्या महावंसात येते. बोधगयेजवळ जन्मलेला हा ब्राह्मण पंडित जुन्या अट्ठकथा मागायला लंकेत आला. महाविहाराच्या थेरांनी पुस्तकं देण्याआधी दोन गाथा दिल्या आणि म्हणाले, यावर लिहून दाखव. त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला. देवांनी तो लपवला. त्यांनी पुन्हा लिहिला, पुन्हा लपला. तिसऱ्यांदा लिहिल्यावर देवांनी आधीचे दोन्ही परत केले, आणि तिन्ही प्रतींत एका अक्षराचा फरक निघाला नाही.

या कथेतून चरित्र कळत नाही, पण टीकाकाराकडून समाजाची अपेक्षा काय होती ते अचूक कळतं. कादंबरीकारानं एकच पुस्तक तीनदा तंतोतंत सारखं लिहिलं तर आपण त्याच्या प्रतिभेवर शंका घेऊ. टीकाकारासाठी ती सर्वोच्च पावती होती: यात तुझ्या लहरीचं काही नाही.

पण लहर नाही म्हणजे प्रतिभा नाही असं कुठे आहे? विसुद्धिमग्गाच्या चौदाव्या प्रकरणात एक दृष्टान्त आहे. सराफाच्या फळीवर नाण्यांची रास पडलीय. लहान मूल तिला पाहतं: चकचकीत, गोल, चौकोनी. खेडूत पाहतो: हे पैसे आहेत, यांनी वस्तू विकत मिळतात. सराफ पाहतो, आणि नाणं बघून, वाजवून, हुंगून, हातात तोलून खरं कोणतं, खोटं कोणतं, कुठल्या गावी कुणी पाडलं तेही सांगतो. संज्ञा, विज्ञान आणि प्रज्ञा, म्हणजे नुसतं ओळखणं, समजणं आणि नेमकं जाणणं, या तीन पायऱ्यांतला फरक समजावायला हा दृष्टान्त. तिघांच्या डोळ्यांसमोरची रास एकच आहे, हे त्यातलं मर्म.

उन्हाचा पुरावा

बुद्धघोषांच्या उगमाबद्दलची महावंसातली कथा ज्यांनी सराफाच्या नजरेनं पाहिली, ते आपल्या ओळखीचे. धर्मानंद कोसंबी, १८७६ साली गोव्यातल्या साखवाळ गावी जन्मलेले. ज्ञानासाठी घर सोडून पुणे, काशी, नेपाळ करत ते १९०२ साली श्रीलंकेत पोचले आणि तिथे पाली शिकले.

विसुद्धिमग्गात भिक्षूनं चीवर कशासाठी वापरावं याची चर्चा आहे: थंडीपासून, उन्हापासून, डास-गोमाश्यांपासून बचाव म्हणून. त्यात ‘उष्ण’ या शब्दाचा अर्थ दिलाय तो असा: आगीची धग, वणवा वगैरे लागतो तेव्हाची. कोसंबींना हे वाचून नवल वाटलं. जो बिहारच्या उन्हाळ्यात वाढला, तो उष्णतेचा अर्थ सांगताना सूर्य सोडून वणव्याकडे कशाला जाईल? नागपूरच्या माणसाला मे महिन्यात ही व्याख्या वाचून दाखवा, काय ऐकावं लागतं ते कळेल. ग्रंथाच्या शेवटी मोरंडखेटक या गावाशी बुद्धघोषांचं नाव जोडलेलं आहे, तेही कोसंबींनी हिशेबात धरलं, आणि हा माणूस उत्तरेतला नव्हे, दक्षिणेतल्या तेलुगू मुलखातला असावा, असं मत मांडलं.

युक्तिवाद झकास आहे, पण मला त्यात एक फट दिसते. अनंतपूर-कर्नूलकडचं ऊन काही कमी नसतं! आणि बुद्धघोष मुळात जुन्या सिंहली समासाचं भाषांतर करत होते. वणव्याची ही ओळ लंकेतल्या एखाद्या हिरव्या डोंगरावर राहणाऱ्या थेराचीही असू शकते. टीकाग्रंथातल्या एका वाक्यावरून लेखकाचा पत्ता काढायला गेलं की ही अडचण येतेच. वहीतलं अक्षर नातीचं असतं, शब्द आजीचे असतात.

कोसंबींचं विसुद्धिमग्गाशी नातं एका शंकेपुरतं नव्हतं. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडितानं सिंहली आणि ब्रह्मी लिपीतल्या हस्तलिखितांवरून या ग्रंथाचा पाठ सिद्ध करायला घेतला होता. १८९९ साली तो वारला आणि काम अर्धं राहिलं. ते पुरं करायला १९१० पासून कोसंबी हार्वर्डच्या खेपा करत राहिले. दरम्यान मराठी वाचकांसाठी त्यांनी त्याच ग्रंथाच्या आधारानं ‘समाधिमार्ग’ लिहिला; १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनानं त्यांची देवनागरी प्रत काढली; आणि पाठोपाठ त्यांनी ‘विसुद्धिमग्गदीपिका’ लिहिली, चक्क पालीत. विसाव्या शतकात गोव्याचा एक माणूस त्या जुन्या समासात आपल्या अक्षराची भर घालून गेला. हार्वर्डची प्रत छापून आली १९५० साली. कोसंबी १९४७ मध्येच सेवाग्रामला वारले होते.

पुण्यात त्यांचे शिष्य पु. वि. बापट यांनी दुसरी दिशा धरली. विसुद्धिमग्गाशी जुळणारा उपतिस्सांचा ‘विमुत्तिमग्ग’ चिनी भाषांतरात टिकून होता. बापटांनी दोन्ही शेजारी ठेवून १९३७ साली तौलनिक अभ्यास छापला. बुद्धघोषांचं किती आणि आधीपासून चालत आलेलं किती, हे वहीतलं अक्षर ओळखण्याचं काम त्यामुळे पुष्कळ सोपं झालं.

रोहिणीचं पाणी

शेवटी मोहरीपेक्षाही ओळखीच्या गोष्टीकडे येऊ. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थानं घर सोडलं. सूत्रांत ही चार दर्शनं सविस्तर येतात ती विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाच्या बाबतीत. सिद्धार्थाची म्हणून पालीत ती रंगवून सांगितली जातात जातक-अट्ठकथेच्या प्रस्तावनेत, निदानकथेत. तिथेच टीकाकार आपल्या सवयीप्रमाणे नोंदवतो की दीघभाणकांच्या मते ही चारही दर्शनं एकाच दिवशी घडली. घराण्याघराण्यांतला मतभेद इथेही आहेच.

डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या सुरुवातीलाच या गोष्टीवर बोट ठेवलं: एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा, आजारी, प्रेत पाहिलंच नव्हतं, हे कसं पटावं? त्याजागी त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आणला. युद्धाला विरोध केला म्हणून सिद्धार्थाला घर सोडावं लागलं, अशी त्यांची मांडणी. या तंट्याकडे त्यांच्याआधी कोसंबींनीही लक्ष वेधलं होतं.

हा तंटा सविस्तर वाचायचा तर पुन्हा अट्ठकथाच उघडावी लागते. ज्येष्ठ महिना, पिकं माना टाकतायत, नदीत पाणी थोडं. दोन्ही काठांचे शेतमजूर म्हणतात, आमचं पीक एका पाण्यावर निघेल, आधी आम्हाला द्या. शब्दानं शब्द वाढतो, एकमेकांची कुळं काढली जातात, मजुरांचं भांडण अधिकाऱ्यांकडे आणि तिथून राजघराण्यांकडे जातं. बारी लावून पाट फोडणाऱ्या कुठल्याही गावाला हे समजावून सांगावं लागणार नाही. फक्त टीकाकारानं हा प्रसंग ठेवलाय बुद्धत्वानंतर: बुद्ध मध्ये येऊन विचारतात की पाण्याचं मोल किती आणि माणसाचं किती. आंबेडकरांनी तो गृहत्यागाच्या आधी नेला. बुद्धघोष महाविहाराच्या थेरांपुढे बसून लिहीत होते, आंबेडकर विसाव्या शतकातल्या प्रश्न विचारणाऱ्या वाचकापुढे. परंपरेची चिकित्सा करून अर्थ लावण्याचा हक्क त्यांनी उघडपणे बजावला, अत्तनोमति तळाला न ठेवता, आणि तसं स्पष्ट सांगून.

तेव्हा मोहरीचा हिशेब असा: बीज अपदानात, गोष्ट अट्ठकथेत. पुढच्या वेळी धम्मपदाची मराठी प्रत विकत घ्याल तेव्हा दुकानातच एक पान उघडून पाहा. गाथा वेगळ्या टायपात, कथा वेगळ्या टायपात, आणि कथा अट्ठकथेतली आहे असं खाली छापलेलं असेल, तर ती प्रत घ्या.